उंच पडदा, देशी बोटं

क्षमा हा गुण माझ्यात नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, सुनेला जरा जास्तच. लोक म्हणतात, वय झालं की माणूस सैल होतं, जुनं सोडून देतं. माझे गुडघे सैल झाले, दात सैल झाले, बाकी सगळं जिथल्या तिथे घट्ट आहे. तेव्हा पुढचं मी रागाने लिहिते आहे आणि मजेतही लिहिते आहे. दोन्ही एकदम जमायला वय लागतं.

नात खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, राहते आमच्याकडे बिबवेवाडीला. पहिला मोठा बोनस मिळाला तेव्हा बाईसाहेबांनी सोनं नाही घेतलं, इलेक्ट्रिक गिटार घेतली. निळी, आरशासारखी चकचकीत, परदेशी, आणि इतकी महाग की किंमत तिने आईला अर्धीच सांगितली. मला पूर्ण सांगितली, कारण मी पोटात ठेवते.

पण गिटार घरी आली तीच खरखर घेऊन. मानेच्या सुरुवातीला सूर अगदी स्वच्छ. वरच्या अंगाला, जिथे सोलो वाजवायचा तिथे, एका ठरावीक जागी बोट पडलं की तार पत्र्यावर घासल्यासारखी करकरायची. नात ती घेऊन दुकानात गेली. त्यांनी तारा वर उचलून दिल्या. खरखर थोडी दबली, पण आता तार दाबायला इतका जोर लागायचा की पोरीच्या बोटांना फोड आले. ती पुन्हा गेली. या वेळी परत आली, गिटार पलंगावर आडवी ठेवली आणि तिचे फोटो काढायला लागली. डोहाळजेवणाला बसवल्यासारखे, वेगवेगळ्या बाजूंनी.

"हे कशाला गं?"

"विकायचीये. ऑनलाइन टाकते."

"एवढी हौसेने घेतलीस ना?"

"माझ्या बोटांतच नाहीये ते, आजी. उगाच कशाला ताणायचं?"

"असं कोण म्हणालं?"

"दुकानाचे ओनर. म्हातारे आहेत, अख्खी लाइफ याच लाइनमध्ये गेलीये म्हणे. मी म्हटलं खरखर येते, तर म्हणाले, 'मॅडम, गिटार प्रोफेशनल आहे, बोटं बिगिनर आहेत.' सगळे हसले." पुढचा फोटो काढत ती म्हणाली, "मी पण हसले."

माझ्या हातातली लसूण हातातच राहिली.

"केस काळेकुळकुळीत रंगवलेत का त्यांनी? आणि बोलताना बोटातली अंगठी फिरवतात?"

"हो! तू ओळखतेस?"

"नाही," मी म्हणाले. "चहा टाक."

ओळखत कशी नव्हते? त्या माणसाला मी ओळखत होते तेव्हा त्याला केस रंगवायची गरज नव्हती, पण वेळ आली की तो रंगवणार हे तेव्हाच दिसत होतं. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा होते. गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगला, कुणाच्या बारशालासुद्धा ऑर्केस्ट्रा. या माणसाचाही एक होता. आम्ही त्यांना मालकच म्हणायचो, कारण वाद्यं त्यांची, ध्वनिवर्धक त्यांचा आणि तोंडही फक्त त्यांचंच चालायचं. तालमी भवानी पेठेत एका गूळवाल्याच्या माडीवर. खाली गुळाच्या ढेपा, वर आम्ही. वाजवताना ध्वनिवर्धकावर गांधीलमाश्या बसायच्या आणि त्यांना हाकलण्यात निम्मी तालीम जायची.

त्यात मी. दोन वेण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी आणि पुण्यात कुणालाही पुरून उरेल इतका शहाणपणाचा आव. लहानपणापासून सतार शिकलेली. कॉलेजात कुणाची तरी साधी गिटार हातात घेतली आणि दोन महिन्यांत सिनेमाची गाणी काढायला लागले. मालकांनी मला घेतलं ते काही माझ्या वादनावर खूश होऊन नव्हे. साडी नेसलेली मुलगी इलेक्ट्रिक गिटार वाजवते, हे बघायलाच तिकिटं खपत. गिटारचा पट्टा खांद्यावर आला की पदर चुरगळायचा, पिन टोचायची. तरी स्वतःला फार कुणीतरी समजत होती ती मुलगी. आरशासमोर उभी राहून मान उडवायची प्रॅक्टिस करायची. आईला वाटायचं, मानेत उसण भरली, म्हणून रात्री तेल चोळायची.

मग मालकांच्या मेहुण्याने बाहेरून एक नवी गिटार आणली. लालभडक, झगझगीत. माडीवर तिची पेटी उघडली तेव्हा सगळ्यांनी चपला काढल्या, देव्हारा उघडल्यावर काढाव्यात तशा. मालक म्हणाले, "हिच्यावर हात कुणी ठेवायचा ते मी ठरवणार." आणि माझ्याकडे दिली. सोलोसकट.

मी वाजवायला लागले. वरच्या अंगाला एका जागी सूर करकरला.

इथे त्या मुलीने काय केलं असेल? कुणीही साधं माणूस म्हणालं असतं, काहीतरी बिघडलंय. पण ती सतार शिकलेली ना! सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तार हलकेच घासली जाते म्हणून सूर झंकारतो, त्या घासण्याला जवारी म्हणतात. ती काढायला कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानस लावून तासन्‌तास घासतो. तर आमच्या विदुषीने चष्मा वर ढकलला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ही खरखर नाही. हिची जवारी खुली आहे. महाग वाद्याची हीच खूण."

कुणीही हसलं नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांना तर हर्ष झाला. त्या दिवसापासून ते प्रत्येक कार्यक्रमात सांगायला लागले, "रसिकहो, आता ऐका विलायती जवारीची गिटार." आजही हे आठवलं की मला त्या मुलीचे दोन्ही कान धरून फिरवावेसे वाटतात. अगं बये, जवारी घोडीवर असते. तुझी करकर मानेवरच्या एका पडद्यावर, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्टीवर होती. फरक कळायला सतारीची परीक्षा द्यावी लागते का? तू तर दिली होतीस!

आणि मग कात्रजच्या अलीकडे एका सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम होता. मांडव भरून खुर्च्या पार रस्त्यापर्यंत गेलेल्या. मी सोलोत त्या जागी पोचले आणि पुढच्या रांगेतले टोपीवाले आजोबा शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "अहो बाई, आत भुंगा अडकलाय. आधी त्याला सोडा, मग वाजवा."

मांडव हसला. मी थांबले. मालकांनी माईक हातात घेतला, अंगठी फिरवली आणि म्हणाले, "रसिकहो, माफ करा. गिटार विलायती आहे, बोटं देशी आहेत."

आता मांडव कोसळायचाच बाकी राहिला. लहान पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसली. आणि तुम्हाला सांगते, मीही हसले. पदर सावरला, दात दाखवले आणि हसले. पाठीमागे तबलेवाला पुटपुटला, "जवारी नव्हे, ज्वारी." झालं. दुसऱ्या दिवसापासून माडीवर माझं नाव ज्वारी. "ज्वारी आली का?" "ज्वारीला चहा द्या." "आज ज्वारीचा भाव काय?" सोलो एका मुलाला मिळाला. त्याच्याही हाताखाली ती जागा तितकीच करकरायची, पण तो त्या वेळी डोळे मिटून केस उडवायचा, मग लोक टाळ्या वाजवायचे.

आणि मी? मी घरी तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून बसायचे, कातडी कडक व्हावी म्हणून. मग जोरात दाबायचे, आणखी जोरात. बोटं सुजली, तरी ती जागा करकरायची ती करकरायचीच. महागाची वस्तू चुकेल असं डोक्यातच आलं नाही. चुकायचा हक्क फक्त आपला, असं त्या बावळटीला वाटायचं. शेवटी एके दिवशी माडी सोडली, पुढे लग्न झालं, सतार माहेरी राहिली आणि वाद्याला मी पुन्हा हात लावला नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "माझ्या बोटांत नाही हो ते." इतकं सहज सांगायचे की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आता तेच वाक्य माझ्या नातीच्या तोंडात, त्याच माणसाने घातलेलं.

तिला मी म्हटलं, "फोटो टाकू नकोस. आठवडाभर थांब."

"कशासाठी?"

"माझ्यासाठी. म्हातारीचा हट्ट समज."

पुढचा आठवडा मी दुपारची झोप सोडली. नातीच्या टॅबवर एक टकला परदेशी गृहस्थ सापडला. गिटारी दुरुस्त करतो आणि जेवल्यासारखा हळूहळू बोलतो, त्यामुळे त्याचं इंग्रजी मला कळायचं. तो म्हणाला, गिटार कितीही महाग असू दे, लाकूड हवेप्रमाणे हलतं. बोटीतून, विमानातून येताना एखादा पडदा केसभर वर येतो. मग त्याच्या मागच्या पडद्यावर बोट ठेवलं की तार या उंच पडद्यावर घासते. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी दुकानदाराने ते तपासायचं असतं. बोटांचा दोष असेल तर खरखर जागा बदलते. पडद्याचा असेल तर दर वेळी त्याच जागी.

दर वेळी त्याच जागी! मी टॅब खाली ठेवला. लाल गिटार, गुळाचा वास, तुरटीचं पाणी, सगळं एकदम नाकात गेलं. त्याच जागी. माझ्या हाताखाली, त्या केस उडवणाऱ्याच्या हाताखाली. आणि मालकांना हे ठाऊक नव्हतं? वाद्यांचा धंदा करणाऱ्याला? ठाऊक असेल किंवा नसेल. दोन्हींबद्दल मला सारखाच राग आला.

टकल्याने तपासायची रीतही दाखवली होती. एखादी सरळ कडेची छोटी वस्तू दोन तारांच्या मधून सलग तीन पडद्यांवर उभी ठेवायची. तीनही पडदे सारखे असतील तर ती स्थिर राहते. मधला उंच असेल तर सीसॉसारखी डुगडुगते. सरळ कडेची वस्तू माझ्या पर्समध्येच होती: पेन्शनचं एटीएम कार्ड. मी ते नातीच्या गिटारवर ठेवून पडदे चाचपत वर गेले आणि एका जागी कार्ड बोललं. टक. टक. टक. मी त्या पडद्याशेजारी कपाळावरची टिकली काढून चिकटवली.

नात ऑफिसमधून आल्यावर तिला दाखवलं. ती खाली वाकून पाहतच राहिली.

"आजी, म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस."

"मी उद्याच त्यांना मेल करते!"

"मेलबिल काही नाही. शनिवारी संध्याकाळी जायचं. तेव्हा गर्दी असते."

नारायणपेठी नेसले. सूड घ्यायला जाताना चांगलं नेसावं, नाहीतर लोकांना वाटतं तक्रार करायला आली आहे.

कॅम्पातलं ते दुकान काचेचं, आत हिमालयासारखं गार. भिंतीवर गिटारी बोंबलांसारख्या वाळत घातलेल्या. कॉलेजची चार पोरं एक काळी गिटार चाचपत होती, एक गृहस्थ मुलीसाठी काहीतरी बघायला आले होते. मालक आपल्या उंच खुर्चीवर होते.

"या, काकू," मालक म्हणाले.

काकू! माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा माणूस. केस मात्र कावळ्याला लाजवतील असे.

"या मॅडमना मी मागेच सांगितलं," ते नातीकडे न बघता मला म्हणाले. "खरखर हा सेटअपचा प्रश्न असतो. सेटअप प्रत्येकाच्या हाताप्रमाणे वेगळा. कुणाला तारा उंच लागतात, कुणाला खाली. चपलेसारखं असतं ते."

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "चप्पल ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे. पण चपलेतून खिळा वर आला असेल तर तो कुणाच्या पायाप्रमाणे आला म्हणायचा?"

कॉलेजची पोरं हळूच वळली.

"काकू, ही प्रीमियम गिटार आहे. अशा गिटारीत खिळे नसतात."

"म्हणजे एवढे पैसे मोजले की पडदे सारखे असणारच, असं तुम्ही म्हणता?"

"अर्थात!"

"लिहून नको, तोंडीच पुरे आहे. चार माणसांनी ऐकलं."

त्यांनी अंगठी फिरवली. "असं करू, आमचा स्पेशल सेटअप करून देतो. थोडा चार्ज पडेल. कार्ड का कॅश?"

"कार्ड," मी म्हणाले.

पर्समधून कार्ड काढलं. त्यांनी मशीन पुढे सरकवलं. मी ते मशीन बाजूला ठेवलं, नातीची गिटार काउंटरवर आडवी घेतली आणि कार्ड दोन तारांच्या मधे, टिकलीच्या जागी, पडद्यांवर उभं केलं. एका कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबलं. मग दुसऱ्या. टक. टक. 

"ही टिकली कसली?" मालकांच्या तोंडून एवढंच निघालं.

"हळदीकुंकवाला आले होते, तुमच्या गिटारीला लावली. आता तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं. टक. टक. कॉलेजच्या पोरांपैकी एकजण म्हणाला, "ओह शिट, काका, हाय फ्रेट आहे तो!" काका म्हणाला त्यांना. मला त्या पोराला तिथेच श्रीखंड खाऊ घालावंसं वाटलं.

"किंचित आहे," मालक म्हणाले. "इतकं चालतं."

आणि मग मी ते केलं जे करण्यासाठी आठवडाभर रात्री मनातल्या मनात घोटत होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "गिटार विलायती आहे, बोटं देशी आहेत. आठवतंय, कुणाचं वाक्य आहे?"

मालक क्षणभर विचारात पडले. मग चेहरा उजळला. "वा! फारच छान. कुणाचं हो?"

त्यांना वाक्य आवडलं होतं.

"ऑर्केस्ट्रात," मी म्हटलं, "साडीतली मुलगी. ज्वारी."

"अहो, किती मुलं आली, किती गेली. तुम्ही होतात का आमच्याकडे? अरे वा!"

मला वाटलं होतं, ते चपापतील, लाजतील, निदान खोटं तरी बोलतील. त्यांना काही आठवतच नव्हतं. मी जो काटा इतकी वर्षं जपून ठेवला होता, त्याची त्यांच्या पायाला ओळखच नव्हती. अजून दोन-तीन वाक्यं तयार होती, चांगली धार लावलेली, पण ती कुणाला मारायची? समोर नुसता एक खूश म्हातारा.

शेजारी नात उभी होती. तिने माझा हात धरला नाही की मला सावरलं नाही. ती फक्त वाट बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि ठरवलं, आज हिचं तरी वसूल करायचं.

"माझं जाऊ द्या," मी मालकांना म्हटलं. "हिला तुम्ही काय म्हणालात, ते हिने लक्षात ठेवलंय. तुम्ही उद्या विसराल, ही विसरणार नाही. तेव्हा आत्ता सांगा, चूक कुणाची?"

"बदलून देतो ना गिटार. स्ट्रॅप फ्री, बॅग फ्री."

"स्ट्रॅप नको. वाक्य द्या."

"अहो, काय लहान मुलासारखं..."

"काका, बोला ना," कॉलेजातला तोच पोरगा म्हणाला. मुलीसाठी आलेल्या गृहस्थांनी हातातली गिटार परत भिंतीला अडकवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. ते मालकांनी पाहिलं. गिऱ्हाईक निघून जाताना दिसलं की त्यांची मान वळायची, ती अजूनही वळते.

"पडद्याची," मालक म्हणाले. मला.

"तिच्याकडे बघून."

त्यांनी नातीकडे बघितलं. "पडद्याची चूक आहे, मॅडम. तुमच्या बोटांची नाही."

नातीने मान हलवली आणि एवढंच म्हणाली, "थँक यू. आता मी दुसरी चेक करते."

माझं कार्ड घेऊन ती भिंतीपाशी गेली. पोरं तिच्या मागे. एकेक गिटार खाली उतरत होती आणि टक टक ऐकू आलं की पोरं "ओऽऽ" करत होती. तीन गिटारींवर टक टक झालं, त्यातली एक तर काचेच्या कपाटातली होती. जिच्यावर कार्ड गप्प बसलं ती निम्म्या किमतीची, चॉकलेटी, दिसायला अगदी साधी. नातीने ती ध्वनिवर्धकाला जोडली आणि तोच तुकडा वाजवला, तीच वरची जागा. स्वच्छ. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने तो जरा जास्तच लांबवला, आणि मी मालकांकडे पाहायचं विसरले.

उरलेले पैसे परत करताना मालकांना जे कष्ट झाले ते मी खुर्ची मागून घेऊन, बसून पाहिले.

माझं स्वतःचं वाक्य मला मिळालं नाही. ते कधी मिळणार नाही, कारण देणाऱ्याकडे ते शिल्लकच नाही. म्हणून मी समाधानी झाले असं कुणी समजू नये. आता महिन्यातून एखाद्या दुपारी मी बसने कॅम्पात जाते, त्या गारव्यात शिरते आणि भिंतीवरच्या गिटारी एकेक तपासत फिरते. काही घेत नाही. गिऱ्हाईक असेल तर मोठ्याने तपासते. मागच्या खेपेला एका बाईंनी विचारलं, "काकू, ही घेऊ का मुलाला?" मी कार्ड लावलं आणि म्हटलं, "घ्या, पण भुंगा वेगळा सोडवून घ्या."

परवा गेले तर काउंटरवर नवी पाटी. इंग्रजीत नाही, शुद्ध मराठीत: "कृपया वाद्यांवर एटीएम कार्ड ठेवू नये. हुकमावरून." मालक उंच खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते, एकटक. मी कोण ते आता त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी पाटी दोनदा वाचली. मग पर्समधून स्टीलची पट्टी काढली.